मदत हवी आहे: क्रांती 'राजकीय' म्हणायची की नाही? (उद्या निबंध द्यायचाय)

अर्धवट_पान: पहिल्याच वाक्यात अडकलोय. 'ही क्रांती मूलतः राजकीय होती' असं लिहिलं, तर सरांनी लाल शाईत 'कोणासाठी?' एवढंच लिहून कागद परत दिला. ऑगस्ट १७९१ पासून १८०४ पर्यंत लिहून झालंय. परिणाम कुठे थांबवू? लवकर सांगा.

जुनी_वही: कुठली क्रांती ते तरी लिहा! १७९१ म्हटलं की मला फ्रान्सची राज्यघटना आठवते. राजा ठेवला, अधिकार कापले.

अर्धवट_पान: हैती हो, कॅरिबियनमधली फ्रेंचांची वसाहत; गुलामांनी उठाव करून स्वातंत्र्य मिळवलं ती. १८०४ लिहिलंय ना.

मचाण: मग उत्तर सरांच्या प्रश्नातच आहे. ज्याचं शरीरच मालकाच्या वहीत मालमत्ता म्हणून मांडलेलं, त्याने ऊस तोडायला नकार देणं हेच राजकारण. आणि गुलामी पॅरिसने रद्द केली असं कृपया लिहू नका. उठावामुळे १७९३ मध्ये वसाहतीतच ती घोषणा करावी लागली, पॅरिसचा ठराव फेब्रुवारी १७९४ चा.

उंबरठा: मचाण, अर्धंच सांगताय. उठावाचा नेता तूसँ लूव्हेर्त्यूर, त्याची १८०१ ची घटना बघा. गुलामी कायमची बंद, पण स्वतः तहहयात गव्हर्नर आणि मजुरांना मळा सोडायची मुभा नाही. सत्ता बदलली, मळा तसाच राहिला.

मचाण: तसाच कसा? पुढे हैतीचा राष्ट्राध्यक्ष पेतियोंने जमिनी वाटल्या. लोक डोंगरात गेले, आपापल्या तुकड्यावर पिकवू लागले. याला तुम्ही काहीच म्हणत नाही?

जुनी_वही: १८०५ च्या घटनेत गोऱ्यांना मालमत्ता घ्यायला बंदी होती, पण तिथे राहिलेल्या पोलिश लोकांना सूट होती. नेपोलियनने उठाव मोडायला पाठवलेले सैनिक ते! यावर फार कमी बोललं जातं.

तळरेघ: तळटीपा पानाखालीच द्या. शेवटी एकत्र दिल्या की तपासणाऱ्याला सारखी पानं उलटावी लागतात.

अर्धवट_पान: तळटीपा विचारल्या नव्हत्या. परिणाम?

उंबरठा: शब्दमर्यादा किती? विषय नेमका काय दिलाय?

अर्धवट_पान: १५०० शब्द. 'क्रांतीचे स्वरूप व दूरगामी परिणाम'.

उंबरठा: हे आधी सांगायचं! मग १८०४ ला थांबूच नका, १८२५ हवंच. फ्रान्सचा राजा दहाव्या चार्ल्सने युद्धनौका पाठवून स्वातंत्र्य मान्य करायची किंमत मागितली: १५ कोटी फ्रँक, जुन्या मळेवाल्यांना भरपाई. पहिला हप्ता भरायलाच पॅरिसमध्ये कर्ज काढावं लागलं. १८३८ मध्ये एकूण रक्कम ९ कोटींवर आणली, तरी जे बाजारात विकले गेले त्यांच्याच मुलाबाळांनी ती फेडली. हे लिहिताना मला अजून राग येतो.

मचाण: हे मान्य. अमेरिकेने तर १८६२ पर्यंत मान्यता दिली नाही, तेही जोडा.

अर्धवट_पान: पहिलं वाक्य खोडलं. आता १८०१ च्या मजुरापासून सुरू करतो. दक्षिण अमेरिकेत स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या बोलिव्हारला हैतीने केलेली मदत घेऊ का? शब्द उरत नाहीत.

जुनी_वही: घ्याच. १८१६, पेतियोंने शस्त्रं दिली, बदल्यात गुलाम मुक्त करायचं वचन घेतलं. दोन ओळी पुरतात.