बेटावर आठवडाभर पाहुणे : काय जमतं, काय फसतं (अनुभव धागा)

गोदाकाठ
माळा आवरताना पाण्याखाली बघायचा जुना मास्क निघाला, रबर पार चिकटून गेलेलं. अंदमानात बदलीवर असलेल्या आपल्याकडच्या घरांत दिवाळी झाली की पाहुण्यांची रीघ लागते, म्हणून धागा काढतोय. ज्यांनी घरी ठेवून घेतलेत त्यांनी नेमकं लिहा. हौस नको, हिशोब हवा.

पहिली गोष्ट घड्याळाची. आपली प्रमाणवेळ 82.5 अंश पूर्व रेखांशाची. लातूर तिथून सहा अंश पश्चिमेला, पोर्ट ब्लेअर (2024 पासून श्री विजयपुरम) दहा अंश पूर्वेला. अंशाला चार मिनिटं धरली तर तिथला सूर्य लातूरच्या तासभर पुढं चालतो. डिसेंबरात पाचच्या सुमारास मावळतो. आपली मंडळी नऊला नाष्टा करून अकराला निघाली की दिवस गेलाच. पाहुणे आल्या दिवशी भिंतीवरचं घड्याळ तासभर पुढं करून ठेवा. रोजची कटकट वाचते.

दुसरं म्हणजे एक दिवस ओला, एक दिवस कोरडा. सलग तीन दिवस समुद्रात घातले की चौथ्या दिवशी अर्धं घर कान धरून बसतं.

तुरीचं_वरण
वाचायलाव. कुकर लावलाय, नंतर लिहितो.

साडू_नंबर_दोन
स्कूबा (हवेची टाकी लावून पाण्याखाली बुडी) शेवटच्या दिवशी ठेवू नका. खाली दाबाखाली रक्तात नायट्रोजन विरघळतो, विमानात दाब कमी झाला की त्याचे बुडबुडे होतात. एकदाच बुडी मारली तर विमानापर्यंत किमान 12 तास, जास्त वेळा मारली तर किमान 18. सरळ 24 धरा, डोकं लावायचं काम नाही.

10 वर्षांच्या आतलं लेकरू नाही. दमा, कानाचं ऑपरेशन, गरोदर असेल तर नाही. साधी सर्दी असली तरी नाही, कारण नाक बंद तर कानातला दाब जुळत नाही. उतरताना दर हातभर खोलीला नाक दाबून हळू फुंकायचं, कान दुखायच्या आधी. दुखल्यावर फुंकून उपयोग नाही, थोडं वर यायचं. पोहता येत नसलं तरी चालतं, शिक्षक धरूनच नेतो.

ब्रह्मगाव_फाटा
मिशीवाल्यांचं सांगा की ओ. आमच्याकडं मिशीशिवाय माणूस कुठं असतो.

साडू_नंबर_दोन
@ब्रह्मगाव_फाटा हसू नका, खरी अडचण आहे. मास्कची कड ओठावरच्या केसांवर बसत नाही आणि नाकात पाणी शिरतं. नाकाखालची अर्धा बोट पट्टी काढली की काम होतं, मिशी शाबूत राहते. काढायची नसेल तर तिथं व्हॅसलिन, पण त्यानं काही मास्कचं रबर खराब होतं. भाड्याचा असेल तर आधी विचारा. काच धुरकटली तर थुंकी चोळून खंगाळायची, दुसरं काही लागत नाही.

ब्रह्मगाव_फाटा
मामा मरतील पण पट्टी काढणार नाहीत 😂

लातूर_नळ_आठवड्यातून
पाणी!! कुणीच लिहिलं नाही. भोवती समुद्र, पण पाऊस सरला की गोड्या पाण्याची तिथंबी बोंब. नळ रोज येईलच असं नाही. खाऱ्या पाण्यातून आलं की दुसरी आंघोळ आलीच. आठ माणसं × दोन × 15 लिटरची बादली = 240 लिटर, भांडी-कपडे वेगळे. 500 लिटरची टाकी दोन दिवस पुरत नाही. अंगणात एक टप ठेवा: वाळूचे पाय आणि ओले कपडे आधी त्यात, मग मोरीत. वाळू मोरीत गेली की पाइप तुंबलाच. हे आपल्याला कुणी शिकवायला नको, 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणून प्यालेलं गाव हे.

परभणी_जंक्शन
@लातूर त्या पहिल्या गाडीत 5 लाख लिटर होतं ना?

लातूर_नळ_आठवड्यातून
व्हय. 10 वाघिणी, 50-50 हजाराच्या.

वाळवणाची_परात
ताई-माईंनो, सामानात खोबऱ्याच्या वाट्या देऊ नका. सुकं खोबरं तेलकट, आपोआप तापून पेटायचा धोका असतो म्हणून विमानात चालत नाही. विमानतळावर काढून ठेवतात. आणि बेटावर नारळाला काय तोटा?

धपाटे कांदा घालून केले तर दमट हवेत दुसऱ्या दिवशी बुरशी. कांदा नको, दही नको, जरा जास्त भाजा, पूर्ण गार झाल्यावरच डब्यात. शेंगाची चटणी टिकते, ओला चमचा घातला नाही तर. येसर (आमटीचं मसाला-पीठ) दोन डब्यांत वाटून भरा, एक उघडा, एक बंद.

तुरीचं_वरण
आलो. बोटीचं लिहितो. हॅवलॉकला (स्वराज द्वीप) जाताना निम्मी माणसं आडवी होतात, कारण उपाशी चढतात. रिकाम्या पोटी उलटी जास्त. कोरडं खा, पोहे-बिस्कीट. तेलकट नको. मळमळीची गोळी निघायच्या अर्धा-एक तास आधी, मळमळ सुरू झाल्यावर घेऊन ती पोटात थांबतच नाही. लेकरांचा डोस डॉक्टरांना विचारूनच. जागा खालच्या मजल्यावर, बोटीच्या मध्याजवळ, तिथं हेलकावा कमी. मोबाईल खिशात, नजर क्षितिजावर. आणि जून ते सप्टेंबर पाहुणे बोलवूच नका, फेरी रद्द झाली की पुढचं सगळं कोलमडतं.

हिंगोलीकर_दादा
सासरे 72, गुडघे गेलेले. बाराटांग बेटावर गुहा बघायला न्यावं का?

गोदाकाठ
@हिंगोलीकर_दादा नका नेऊ. पहाटे साडेतीनच्या आसपास निघायचं, जिरकाटांगच्या नाक्यावर गाड्यांच्या ताफ्यासाठी थांबायचं, जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून गाडी कुठंही न थांबवता न्यायची. फोटो काढायचा नाही, खायला द्यायचं नाही, कायद्यानं बंदी आहे. पुढं बोट आणि चुनखडीच्या गुहेपर्यंत चढउताराची पायवाट.

त्यांना सेल्युलर जेल दाखवा, संध्याकाळचा ध्वनिप्रकाश कार्यक्रम धरून. 1906 ला पूर्ण झालेलं, सात भुजांतल्या तीन उरल्यात. एका भुजेच्या कोठड्यांची दारं शेजारच्या भुजेच्या पाठीकडं, म्हणजे कैद्याला समोर माणूसच दिसू नये. सावरकर 1911 ते 1921 इथं होते. त्यांची कोठडी वरच्या मजल्यावर आहे, जिने चढवताना घाई नको. जोडे सहज निघणारे घाला.

हिंगोलीकर_दादा
बरं झालं विचारलं. 🙏

भरती_ओहोटी
नीलचा (शहीद द्वीप) नैसर्गिक दगडी पूल ओहोटीलाच जवळून दिसतो. वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढं सरकते, कालची वेळ आज धरू नका. खडक शेवाळी, चप्पल घसरते. मागं पट्टा असलेले जुने सँडल आणा. पोवळ्यानं पाय कापला तर गोड्या पाण्यानं भरपूर धुवा, कण पूर्ण काढा, मग औषध. कण राहिला की पिकतंय.

पोवळं, मेलेलं असलं तरी, पिशवीत टाकू नका. 1972 च्या वन्यजीव कायद्यात येतंय, विमानतळावर सामान तपासताना सापडतं. देवघरासाठी शंख हवाच असेल तर परवानाधारक दुकानातून, पावतीसकट. आणि खाडीच्या तोंडाशी मगरीची पाटी दिसली तर गुडघाभर पाण्यातबी उतरायचं नाही.

परभणी_जंक्शन
आपला नाथसागरच (जायकवाडी धरण) बरा. बोट लागत नाही, पैठणला साडी मिळते वर.

ब्रह्मगाव_फाटा
@परभणी दरवाजे सोडल्यावर या म्हणावं, 27 च्या 27.

वाळवणाची_परात
एक राहिलं. पाठ जळते ती पाण्यात उपडं तरंगताना, वरून ऊन आणि पाणी गार म्हणून कळत नाही. पूर्ण बाह्यांचा अंगाबरोबरचा शर्ट घालून उतरवा. जीन्स कुणीच आणू नका, त्या हवेत दोन दिवस वाळत नाही.

नवीन_सून
भाकरीचं पीठ इथून न्यायचं का? तिथं गेल्यावर भाकरी थापताना चिरा पडायल्यात म्हणे, कामून?

वाळवणाची_परात
@नवीन_सून पीठ विरी (चिकटपणा) गेलेलं असणार. निघायच्या आदल्या दिवशी दळा. किलोच्या 10-12 होतात, आठ माणसांच्या एका जेवणाला दीड किलो धर. घट्ट डबा, पिशवीत नको, दमट हवेत गोळे होतात. तरी चिरली तर उकळतं पाणी घालून मळ.

नवीन_सून
कोमट घालत होते 🙈

वाळवणाची_परात
कोमट नाही गं, उकळतं. आधी उलथन्यानं कालव, हात नंतर घाल.