जुन्या बेंच पॉवर सप्लायचे पास ट्रान्झिस्टर: नंबर सापडत नाही, बाजारातले टिकत नाहीत

मिरज_रेडिओ:
नमस्कार मंडळी. वडिलांच्या दुकानातला १९७८ सालचा बेंच पॉवर सप्लाय (टेबलावर ठेवून हवं ते व्होल्टेज देणारा) दुरुस्तीला घेतलाय. ० ते ३० व्होल्ट, ५ अँपिअर. मागच्या हीटसिंकवर (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) टीओ-३ आकाराचे, म्हणजे धातूच्या डब्यातले, दोन पास ट्रान्झिस्टर आहेत; आउटपुटचा सगळा प्रवाह यांच्यातून जातो. त्यातल्या एकाचा कलेक्टर-एमिटर (प्रवाह आत घेणारा आणि बाहेर सोडणारा पाय) आपसात शॉर्ट झालाय. दोन्हींवर कंपनीचा स्वतःचा सहा आकडी नंबर छापलेला, तो कुठल्याच डेटाबुकात नाही. सर्किट डायग्रामही नाही. चांगला राहिलेला मोजून बघितला, एनपीएन (ट्रान्झिस्टरच्या दोन प्रकारांपैकी एक, दुसरा पीएनपी) सिलिकॉन आहे.

पुण्याच्या बाजारातून ४० रुपयांना एक असे चार २एन३०५५ (याच आकाराचा, सर्रास वापरला जाणारा एनपीएन ट्रान्झिस्टर) आणले. मल्टिमीटरवर चारही ठीक होते. एक जोडी बसवली, सप्लाय ५ व्होल्टवर ठेवून ३ अँपिअरचा लोड दिला. दोन मिनिटांत एक शॉर्ट. दुसऱ्या जोडीचंही तेच. जाण्यापूर्वी कलेक्टरवर ४४ व्होल्ट होते. आता कुठला नंबर घेऊ? याच सप्लायवर मी हे काम शिकलो, भंगारात द्यायचा नाही.

तापकीर_गल्ली:
मेलेल्याची टोपी कानशीने कापून आतली चिप बघा. खऱ्या २एन३०५५ ची मसुराच्या दाण्याएवढी असते. मोहरीएवढी निघाली तर दुसराच कुठला तरी ट्रान्झिस्टर डब्यात घालून वर नंबर छापलाय.

हे फक्त टीओ-३ च्या लोखंडी टोपीपुरतं. ट्रान्समीटरमधले पांढऱ्या सिरॅमिकचे ट्रान्झिस्टर कधीही फोडू नका. त्यात बेरिलियम ऑक्साइड असू शकतं आणि त्याची धूळ फुफ्फुसात गेली तर आयुष्यभराचं दुखणं.

मिरज_रेडिओ:
कापला. मोहरीपेक्षा जेमतेम मोठी आहे.

ठाणे_कॅलिब्रेशन:
म्हणजे माल नकली, हे ठरलं. पण खरे बसवले असते तरी ५ अँपिअरला गेलेच असते.

छापील नंबराचा नाद सोडा. मोजमापाची उपकरणं बनवणाऱ्या कंपन्यांचे असे स्वतःचे नंबर असतात. एचपीच्या उपकरणात १८५४ ने सुरू होणारा नंबर म्हणजे सिलिकॉन एनपीएन, १८५३ म्हणजे सिलिकॉन पीएनपी. टेक्ट्रॉनिक्सचे ट्रान्झिस्टर १५१ ने सुरू होतात. त्यांचे मूळ नंबर सांगणारे तक्ते मिळतात. तुमच्याकडे तक्ता नाही, तर तो ट्रान्झिस्टर तिथे काय काम करतोय ते मोजायचं. निम्मं तुम्ही मोजलंच आहे.

कलेक्टरवर ४४, आउटपुट ५, म्हणजे ३९ व्होल्ट ट्रान्झिस्टरवर पडतात. ३ अँपिअरला ११७ वॉट, दोघांत वाटून प्रत्येकी ५८. ५ अँपिअरला प्रत्येकी ९७. २एन३०५५ चे ११५ वॉट सगळ्यांना पाठ असतात, पण ते ट्रान्झिस्टरचा धातूचा डबा २५ अंशांवर असताना. आतल्या जंक्शनची (चिपमधला तापणारा भाग) मर्यादा २०० अंश, आणि दर वॉटला जंक्शन डब्यापेक्षा दीड अंश वर राहतं. डबा १०० अंशांवर गेला की हातात उरतात ६५ वॉट. ५ व्होल्ट देण्यासाठी ४४ व्होल्ट आत घेणारा सप्लाय कुणी मुद्दाम बनवणार नाही. ट्रान्सफॉर्मरला जादा टॅप (कमी व्होल्टेज देणारी मधली तार) असणार आणि कमी व्होल्टेजला रिले खालच्या टॅपवर नेत असणार. नॉब फिरवताना मध्येच टक् आवाज येतो का बघा. येत नसेल तर मूळ ट्रान्झिस्टर का गेला ते कळलं. ते दुरुस्त होईपर्यंत नवीन ट्रान्झिस्टर लावू नका.

आता नंबर. २एन३०५५ साठ व्होल्टचा. तुमच्याकडे बिनलोडचे ४६-४७ असतील, मेन्स चढला की पन्नास. माझ्या मते ही ढील पुरेशी नाही. एमजे१५०१५ घ्या: १२० व्होल्ट, १५ अँपिअर, १८० वॉट, पाय तसेच. २एन३७७३ सुद्धा चालेल, १४० व्होल्ट, १६ अँपिअर. दोन्ही एकाच लॉटचे घ्या आणि एमिटरचे छोटे रेझिस्टर जळलेले नाहीत ना ते मोजा, नाहीतर एकच ट्रान्झिस्टर सगळा भार ओढेल.

एक गोष्ट डेटाबुकातून लक्षात येत नाही. साठच्या दशकात आरसीए या अमेरिकन कंपनीने आणलेला मूळ २एन३०५५ होमेटॅक्सिअल (चिप बनवण्याची जुनी रीत) पद्धतीचा, फार संथ, ०.८ मेगाहर्ट्झच्या आसपासचा. नंतरचे एपिटॅक्सिअल (नवी रीत), किमान २.५ मेगाहर्ट्झ. जुन्या सप्लायचा फीडबॅक (आउटपुट बघून ट्रान्झिस्टरला आवरणारं सर्किट) त्या संथपणाला धरून जुळवलेला असतो. जलद ट्रान्झिस्टर बसवला की काही सप्लाय ऑसिलेट होतात, म्हणजे आउटपुट आपोआप वरखाली थरथरत राहतं. मीटर शांतपणे १२ व्होल्ट दाखवतो आणि आउटपुटवर शंभर-दोनशे किलोहर्ट्झ चालू असतात. ट्रान्झिस्टर उगीच तापतो, लोडचं सर्किटही बिघडतं. म्हणून ऑसिलोस्कोप लावून बघितल्याशिवाय झाकण बंद करू नका. तसं दिसलं तर प्रत्येक बेसच्या (ट्रान्झिस्टरला आवरणारा तिसरा पाय) पायालगत १० ओहमचा रेझिस्टर टाका.

नवीन माल सप्लायमध्ये घालण्याआधी तपासायची माझी रीत: १२ व्होल्टची बॅटरी आणि गाडीचा ५५ वॉटचा हेडलाइट बल्ब. बल्ब प्लस आणि कलेक्टरच्या मध्ये, एमिटर मायनसला, बेसला प्लसवरून २७ ओहम १० वॉटचा रेझिस्टर. बल्ब चार-साडेचार अँपिअर घेतो. कलेक्टर-एमिटरवर सव्वा व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर तो परत करायचा. खऱ्या २एन३०५५ ला ४ अँपिअरवर १.१ च्या आतच राहावं लागतं. मल्टिमीटरची डायोड चाचणी मिलिअँपिअरवर होते, तिला मोहरी आणि मसूर सारखेच दिसतात.

मिरज_रेडिओ:
काका, टक् आवाज येतच नव्हता. वडिलांना विचारलं तर म्हणाले, पूर्वी १२ च्या पुढे नेताना यायचा. रिले उघडला, एक संपर्क काळा पडून दुसऱ्याला चिकटलेला. रिले बदलला. आता ५ व्होल्टला कलेक्टरवर २१ आहेत.

एमजे१५०१५ ची जोडी अधिकृत विक्रेत्याकडून मागवली, एक २१० रुपयांना. बल्बवर ०.७ आणि ०.८ व्होल्ट. ट्रान्झिस्टर आणि हीटसिंकमधले अभ्रकाचे जुने पत्रे तडकले होते, नवीन घातले, पेस्ट लावली. ५ व्होल्ट ३ अँपिअरवर तासभर चालवला, डबा ६८ अंश. १८० किलोहर्ट्झचं ऑसिलेशन खरंच दिसलं, फक्त १ अँपिअरच्या वर. १० ओहम टाकल्यावर गेलं.

मूळचा एक चांगला ट्रान्झिस्टर उरलाय. त्याचं काय करू?

ठाणे_कॅलिब्रेशन:
बल्बवर लावून त्याचा आकडा टोपीवर लिहून ठेवा. पुढच्या वेळी बाजारातून माल आणाल तेव्हा आधी हा लावायचा, मग नवीन. बॅटरी किती उतरलीय त्याचाही हिशेब त्यात आपोआप येतो.