अंधबिंदू, तिरकी नजर आणि ५७६ मेगापिक्सेलचा फॉरवर्ड

ए-१०२: "माणसाचा डोळा म्हणजे ५७६ मेगापिक्सेलचा कॅमेरा" हा मेसेज परत फिरतोय. मुलांना सांगण्याआधी विचारते, डॉक्टर ताई, हे खरं आहे का?

बी-३०४: असं सांगू नका. डोळा फिरवत फिरवत सगळं दृश्य बारकाईने पाहिलं, असं धरून तो आकडा काढलाय. एका नजरेत तेवढं कधीच दिसत नाही. हात सरळ लांब करून अंगठा उभा धरा. त्याच्या रुंदीएवढाच, म्हणजे साधारण २ अंशांचा पट्टा खरोखर स्पष्ट दिसतो, बाकी सगळं धूसर. डोळा सेकंदाला तीन-चार वेळा जागा बदलतो म्हणून ते लक्षात येत नाही.

दृष्टिपटलावर, म्हणजे डोळ्याच्या आतल्या मागच्या पडद्यावर, प्रकाश टिपणाऱ्या पेशी दोन प्रकारच्या: दंडपेशी सुमारे १२ कोटी, शंकुपेशी सुमारे ६० लाख. पण मेंदूकडे जाणाऱ्या नसेत तंतू असतात १०-१२ लाखच. म्हणजे काय पुढे पाठवायचं याची छाननी डोळ्यातच होते. कॅमेऱ्यात असं काही नसतं.

ए-१०२: मग मुलांना काय दाखवता येईल? नुसतं सांगून पटत नाही त्यांना.

बी-३०४: अंधबिंदू दाखवा. ती नस जिथून डोळ्याबाहेर पडते तिथे प्रकाश टिपणारी एकही पेशी नाही. फ्रान्सचे शास्त्रज्ञ मारिऑत यांनी १६६०च्या दशकात हे शोधलं, आणि पडताळायला कागद-पेन पुरतं.

कोऱ्या कागदावर डावीकडे छोटी फुली काढा. तिच्या उजवीकडे बरोबर ८ सेंमीवर १ सेंमी व्यासाचा गडद ठिपका. डावा डोळा हाताने झाका, दाबू नका. उजव्या डोळ्याने फक्त फुलीकडे बघा आणि कागद ५० सेंमीवरून हळूहळू जवळ आणा. ३० सेंमीच्या आसपास ठिपका नाहीसा होतो, आणखी जवळ आणला की परत दिसतो.

नाहीसा झाला नाही तर बहुतेक वेळा नजर ठिपक्याकडे सरकलेली असते. मुलांचं हमखास असंच होतं, कारण नाहीसा होताना बघायचं असतं. दुसरं कारण म्हणजे मान किंवा कागद तिरका. फुली आणि ठिपका डोळ्यांच्या रेषेला समांतर हवेत.

सी-७०१: ताई, ठिपका गेला! पण तिथे काळं भोक नाही, नुसता पांढरा कागद दिसतोय. असं का?

बी-३०४: कारण मेंदूला तिथून "अंधार आहे" असा निरोप येत नाही, निरोपच येत नाही. आजूबाजूला जे असेल तेच तो तिथे धरून चालतो. आता ठिपक्यातून दोन्ही बाजूंना जाणारी आडवी जाड रेघ ओढून परत करा. ठिपका जाईल आणि रेघ अखंड दिसेल. मला या प्रयोगातला हाच भाग सगळ्यात सुंदर वाटतो.

आणि ऑक्टोपसला अंधबिंदूच नसतो! त्याच्या डोळ्यात तंतू दृष्टिपटलाच्या मागून निघतात. आपल्यात ते पुढून येतात, म्हणून त्यांना बाहेर पडायला दृष्टिपटलात वाट लागते.

डी-५०३: या भोकाचा आकार आकाशात मोजून बघा. अंधबिंदू साधारण ५.५ अंश रुंद, पूर्णचंद्र अर्धा अंश. म्हणजे एका डोळ्याच्या अंधबिंदूत अकरा पूर्णचंद्र ओळीने मावतील. दोन्ही डोळे उघडे असले की एकाची उणीव दुसरा भरून काढतो.

ए-१०२: काका, आकाशाचा विषय निघालाच आहे तर विचारते. अंधुक तारा रोखून पाहिला की गायब होतो, तोही अंधबिंदूमुळेच का?

डी-५०३: नाही, आणि हा गोंधळ बऱ्याच जणांचा होतो. अंधबिंदू नजरेच्या मध्यापासून १५ अंश बाहेर, कानाच्या बाजूला असतो. तारा जातो तो अगदी मध्यावर. तिथे फक्त शंकुपेशी असतात. त्यांना रंग आणि बारकावा कळतो, पण प्रकाश भरपूर लागतो. मंद प्रकाश टिपणाऱ्या दंडपेशी त्या मध्यात नाहीतच, त्या भोवती पसरलेल्या असतात. म्हणून अंधुक वस्तू तिरक्या नजरेने बघायची.

हात लांब करून मूठ धरली की तिची रुंदी सुमारे १० अंश. वस्तूपासून साधारण एक मूठ बाजूला नजर ठेवा आणि लक्ष वस्तूकडे. दुर्बिणीला एकच डोळा लावला असेल तर दिशा महत्त्वाची: उजवा डोळा असेल तर नजर वस्तूच्या उजवीकडे, डावा असेल तर डावीकडे. उलट केलंत तर वस्तू नेमकी अंधबिंदूत जाऊ शकते. देवयानी (अँड्रोमेडा) दीर्घिका अशी बघा. तिचा प्रकाश २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला आहे, काळ्याभोर आकाशात तो नुसत्या डोळ्यांना पोचतो.

पण आधी अंधारात निदान अर्धा तास थांबायचं. शंकुपेशी दहाएक मिनिटांत सरावतात, दंडपेशींना ३०-४० मिनिटं लागतात. मध्येच फोन पाहिला की बरीचशी मेहनत वाया! प्रकाश लागलाच तर मंद, गडद लाल. दंडपेशींना लाल जवळजवळ दिसत नाही.

बी-३०४: दंडपेशींच्या रंगद्रव्याला अ जीवनसत्त्व लागतं, त्याच्या कमतरतेत रातांधळेपणा येतो तो यामुळेच. काका म्हणाले तो लाल रंगाचा मुद्दा संध्याकाळी बागेतही दिसेल. उजेड कमी होत गेला की लाल फूल काळपट होतं आणि पानं त्यापेक्षा उजळ वाटू लागतात. चेक शास्त्रज्ञ पुर्किन्ये यांनी १८१९ मध्ये हे नोंदवलं.

सी-७०१: निळ्या आकाशाकडे बघताना वळवळत पळणारे चमकदार ठिपके दिसतात, ते काय असतं?

बी-३०४: तुमच्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशी! दृष्टिपटलाच्या केशवाहिन्यांतल्या (केसासारख्या बारीक रक्तवाहिन्यांतल्या) लाल पेशी निळा प्रकाश शोषतात. पांढरी पेशी तो आरपार जाऊ देते, म्हणून ती सरकता उजळ ठिपका दिसते. अगदी मध्यावर ते दिसणार नाहीत, तिथे केशवाहिन्याच नाहीत. सूर्याकडे पाठ करूनच बघा.

मात्र काळसर, नजरेबरोबर तरंगणारे धागे वेगळे. त्या डोळ्यातल्या जेलीसारख्या द्रवात तरंगणाऱ्या बारीक गुठळ्यांच्या सावल्या असतात आणि बहुतेकदा निरुपद्रवी. ते अचानक खूप वाढले, सोबत विजेसारखे चमकारे आले किंवा बाजूने पडदा ओढल्यासारखं वाटलं, तर त्याच दिवशी डोळे तपासून घ्या. दृष्टिपटल सुटत असू शकतं, दुखत मात्र काहीच नाही.

ए-१०२: ताई, उजव्या डोळ्याने जमलं, डाव्याने ठिपका जातच नाहीये.

बी-३०४: कागद उलटा फिरवा. डाव्या डोळ्याचा अंधबिंदू डावीकडे असतो, तेव्हा ठिपका डावीकडे आणि फुली उजवीकडे यायला हवी. अंतर तेच, ३० सेंमी.