मामाच्या चार कॅसेटी आणि चार वेगळे आवाज, डीप पर्पल हा एकच बॅण्ड आहे का चार?

जुनी_कॅसेट:
मंडळी जरा मदत पाहिजे. मामाचं कोल्हापुरातल्या शुक्रवार पेठेतलं जुनं घर पाडून अपार्टमेंट होणार आहे, त्यामुळं माळा रिकामा करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात चार कॅसेटी सापडल्या, सगळ्यांवर पेनानं फक्त 'डीपी' आणि एक ते चार नंबर. मामाला विचारलं तर म्हणाला डीप पर्पल हाय, आधी ऐक मग बोलू. ऐकल्या. आता डोकं फिरायची पाळी आलीय.

पहिलीत एक जण असा किंचाळतोय की शेजारच्या काकू काय झालं म्हणून विचारायला आल्या. दुसरीत दोघं गातात, एकाचा आवाज जाड, दुसऱ्याचा वर चढणारा, आणि पहिलीतला माणूस गायबच. तिसरीत सरळ व्हायोलिनं, बासऱ्या वगैरे, पाच मिनिटं झाली तरी गिटारचा पत्ता नाही, मला वाटलं कुणीतरी वरून दुसरंच टेप केलंय म्हणून बंद केली. चौथीत टाळ्या आणि शिट्ट्या, आणि शेवटचं गाणं संपता संपत नाही.

नेटवर बघितलं तर मार्क वन, मार्क टू असलं काहीतरी येतंय, मोटारसायकलच्या मॉडेलसारखं. हा एकच बॅण्ड आहे का? आणि ऐकायचं कुठल्या क्रमानं? मला आजवर फक्त ती एक धून माहितीय, गिटारच्या दुकानात शिरलेलं प्रत्येक पोरगं वाजवतं ती.

तांबडा_पांढरा:
भावा विषय हार्ड हाय पण अवघड न्हाय. आपल्या तालमींचा फुटबॉल बघतोस का? पाटाकडील काय, दिलबहार काय, जर्सी तीच, पोरं बदलत्यात, यंदा ह्या तालमीकडनं खेळणारा पुढच्या सीझनला समोरच्या गोलवर शूट मारतोय, म्हणून तालीम बदलली म्हणतो का आपण? तसंच हे. मार्क म्हणजे त्या त्या वेळची टीम. एवढं डोक्यात बसलं की झालं.

पहिली टीम 1968 ची, इंग्लंडमधली. गिटारला रिची ब्लॅकमोर, ऑर्गनला जॉन लॉर्ड, ड्रमला इयन पेस, गायला रॉड इव्हान्स, बासला निक सिम्पर. 'हश' गाणं अमेरिकेत चौथ्या नंबरपर्यंत गेलं, वर्षभरात तीन अल्बम काढले, पण तवर ब्लॅकमोर आणि लॉर्डला वाटाय लागलं की आपल्याला याच्यापेक्षा दणका पाहिजे, आणि त्यासाठी इव्हान्सचा आवाज पुरणार न्हाय. मग 1969 ला एपिसोड सिक्स नावाच्या बॅण्डमधनं गायक इयन गिलन उचलला, त्याच्याबरोबर रॉजर ग्लोव्हर बासला आला. ही मार्क टू. तुझ्या शेजारच्या काकूंना पळवत आणणारा तो गिलन. ते गाणं दहा मिनिटांचं आसंल आणि सुरुवातीला नुसता ऑर्गन हळूहळू वाजत आसंल तर 'चाइल्ड इन टाइम', म्हणजे एक नंबरची कॅसेट 1970 ची 'इन रॉक'. नाद खुळा अल्बम.

नावाचं पण सांगतो, ब्लॅकमोरच्या आजीला 'डीप पर्पल' नावाचं एक जुनं गाणं लई आवडायचं, त्यावरनं बॅण्डचं नाव.

ऑर्केस्ट्रा_कीबोर्ड:
'चाइल्ड इन टाइम' निघालंय म्हणून लिहितो. ती सुरुवातीची ऑर्गनची चाल त्यांची स्वतःची नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या इट्स अ ब्युटिफुल डे या बॅण्डचं एक व्हायोलिनवरचं वाद्यसंगीत होतं, नाव काय तर 'बॉम्बे कॉलिंग'. त्यावरनं उचलली, वेग कमी केला, गिलननं स्वतः नंतर कबूल केलंय. आणि त्या बॅण्डनं पर्पलचं 'रिंग दॅट नेक' उचललं, फिट्टंफाट. पुढं 1995 ला पर्पल खरोखर मुंबईत येऊन वाजवून गेले, तोपर्यंत ब्लॅकमोर जाऊन स्टीव्ह मोर्स आला होता.

मी गणपतीत ऑर्केस्ट्रात वाजवतो त्यामुळं माझं सगळं लक्ष लॉर्डकडं. हॅमंड ऑर्गनला सहसा लेस्ली नावाचा फिरणारा स्पीकर लावतात, त्यानं आवाज गोड लाटेसारखा येतो. या माणसानं तो बाजूला ठेवून ऑर्गन सरळ गिटारवाल्यांच्या मार्शल ॲम्पमध्ये घातला. म्हणून पर्पलमध्ये बऱ्याच ठिकाणी गिटार कुठं संपली आणि ऑर्गन कुठं सुरू झाला कळत नाही. एकदा मी कार्यक्रमात तसा आवाज लावला होता, आयोजक पळत आले, म्हणाले कीबोर्ड फाटलाय, बंद करा.

हॅमंड_काका:
तिसरी कॅसेट पुसू नका हो! त्यावर कुणी दुसरं काही टेप केलेलं नाही. सप्टेंबर 1969, लंडनचं रॉयल अल्बर्ट हॉल, रॉयल फिलहार्मॉनिक ऑर्केस्ट्रा आणि डीप पर्पल एकत्र. लिहिलं सगळं जॉन लॉर्डनं, ऑर्केस्ट्रा चालवला माल्कम अर्नोल्डनं. सुरुवातीला बराच वेळ नुसता ऑर्केस्ट्राच आहे, बॅण्ड नंतर घुसतो, धीर धरा. ब्लॅकमोरला हा प्रकार फारसा पसंत नव्हता, त्याचं म्हणणं आता आपण रॉक करू, आणि लगेच पुढच्या वर्षी 'इन रॉक' आला. म्हणजे तुमच्या मामांचे नंबर काळाप्रमाणं नाहीत, तिसरी आधी ऐका मग पहिली.

त्या गिटारच्या दुकानातल्या धुनेबद्दल. 4 डिसेंबर 1971, स्वित्झर्लंडमधलं माँत्रो, तिथल्या कॅसिनोत फ्रँक झापाचा कार्यक्रम चालू होता. पर्पलवाले तिथंच नवा अल्बम करायला आलेले, रोलिंग स्टोन्सची रेकॉर्डिंगची गाडी भाड्यानं आणलेली, दुसऱ्या दिवसापासून तोच हॉल त्यांना मिळायचा होता. प्रेक्षकांतल्या कुणीतरी छताकडं फ्लेअर गन (इशाऱ्याची जळती गोळी सोडायचं पिस्तूल) उडवली आणि सगळा कॅसिनो जळून खाक. तिथल्या जॅझ महोत्सवाचा संचालक क्लोद नोब्स पोरांना बाहेर काढत होता, गाण्यात त्याचा उल्लेख आहे. धूर जिनीव्हाच्या तलावावर पसरलेला हॉटेलातनं दिसत होता, काही दिवसांनी ग्लोव्हर झोपेतनं उठला तो 'स्मोक ऑन द वॉटर' हे शब्द तोंडात घेऊनच. आपल्या भाषेत जाळ आणि धूर संगटच! मग दुसऱ्या एका हॉलमध्ये गेले, तिथं या गाण्याचं मूळ वाजवणं कसंबसं टेप केलं तर आवाजानं शेजारी वैतागले आणि पोलीस दारात. शेवटी हिवाळ्यासाठी बंद असलेल्या ग्रँड हॉटेलच्या कॉरिडॉरमध्ये गाद्या उभ्या करून बाकीचा अल्बम केला, तो 1972 चा 'मशीन हेड'. गाडीपर्यंत जायचं तर खोल्या, बाल्कन्या ओलांडत जावं लागायचं म्हणून केलेलं परत ऐकायला जायचाच कंटाळा करायचे. आणि ज्या गाण्यानं त्यांना जन्मभर पोसलं ते त्यांना स्वतःला जागा भरण्यापुरतं वाटलेलं, सिंगल म्हणून आलं ते 1973 ला.

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री आपलं केशवराव भोसले नाट्यगृह पेटलं, दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती, तेव्हा मी खासबागेच्या बाजूला उभा होतो, आणि खरं सांगतो डोक्यात हीच धून वाजायला लागली आणि स्वतःचीच लाज वाटली. शाहू महाराजांनी बांधलेलं थिएटर ते.

तालमीचं उदाहरण ठीक आहे पण मला नाटक कंपनीचं जास्त पटतं. केशवरावांनी 1908 ला ललितकलादर्श काढली, 1921 ला ते गेले, मग बापूराव पेंढारकरांनी चालवली, पुढं भालचंद्र पेंढारकरांनी. कंपनी तीच. पर्पल अशीच नाटक कंपनी आहे, फक्त इथं मालक कोण यावरून कायम भांडण.

बर्न_समर्थक:
काकांनी मार्क टू च्या आरत्या ओवाळून झाल्या असतील तर दोन नंबरच्या कॅसेटीबद्दल कोणी बोलणार का?

ती 1974 ची 'बर्न' दिसतीय. ब्लॅकमोर आणि गिलनचं एकमेकांशी जमेना, गिलननं सहा महिने आधी नोटीस देऊन 1973 च्या जूनमध्ये जपानमध्ये शेवटचा शो केला, ग्लोव्हर पण गेला. त्या जागी ट्रॅपीझ बॅण्डमधला ग्लेन ह्यूज आला, बास पण वाजवायचा आणि गायचा पण, तो तुझा वर चढणारा आवाज. आणि जाड आवाजाचा डेव्हिड कव्हरडेल. हा पोरगा रेडकार नावाच्या गावात कपड्याच्या दुकानात सेल्समन होता!! म्हणजे महाद्वार रोडवर शर्ट दाखवणारा उद्या जगातल्या सगळ्यात मोठ्या बॅण्डमध्ये. एप्रिल 74 ला कॅलिफोर्निया जॅम नावाच्या संगीत महोत्सवात ब्लॅकमोरनं टीव्हीच्या कॅमेऱ्यात गिटार खुपसली, ॲम्पला आग लावली, पोलीस धरतील म्हणून हेलिकॉप्टरनं पळाले. आणि लोक म्हणतात खरा पर्पल म्हणजे मार्क टू.

काका, कंपनी चालली मान्य, पण केशवरावांचा गळा परत मिळाला का? नाही ना, दुसरा गळा आला, आणि लोकांनी त्यालाही वन्समोअर दिला. मग कव्हरडेललाच कायम नवीन जावयासारखं का बघायचं?

तांबडा_पांढरा:
नवीन जावई 😂 पण 'बर्न' नंतर 'स्टॉर्मब्रिंगर'मध्ये ह्यूजनं फंक आणि सोलचा मसाला जास्त घातला हे पण सांग की. ब्लॅकमोरला तो मसाला नको होता म्हणून 1975 ला तो उठून गेला आणि गायक रॉनी जेम्स डिओला घेऊन रेनबो नावाचा नवा बॅण्ड काढला. त्याच्या जागी टॉमी बोलिन, अमेरिकन पोरगा, हात गोड पण ड्रग्ज. एकच स्टुडिओ अल्बम, 'कम टेस्ट द बॅण्ड', आणि 1976 च्या मार्चमध्ये लिव्हरपूलच्या शो नंतर खेळ खल्लास. बोलिन त्याच डिसेंबरमध्ये गेला, 25 वर्षांचा. तारीख बघ, 4 डिसेंबर, माँत्रोच्या आगीला बरोब्बर पाच वर्षं.

मधल्या काळातला एक किस्सा. 1980 ला अमेरिकेत डीप पर्पल नावानं कार्यक्रम सुरू झाले, स्टेजवर ओळखीचा माणूस एकच, पहिल्या टीमचा रॉड इव्हान्स. बाकीचे कोर्टात गेले, जिंकले, आणि इव्हान्स गाण्याच्या दुनियेतनं गायबच झाला. तेव्हा भावा तुझा प्रश्न कोर्टानं पण ऐकलाय.

जुनी_कॅसेट:
बापरे. मग पुढं? आणि चार नंबरची कॅसेट राहिली.

हॅमंड_काका:
चौथी म्हणजे 'मेड इन जपान', ऑगस्ट 1972, ओसाका आणि टोकियो, सात गाणी फक्त. न संपणारं ते 'स्पेस ट्रकिन', जवळजवळ वीस मिनिटं आहे. मार्क टू काय होतं ते स्टुडिओपेक्षा त्यात जास्त कळतं, माझ्यापुरतं तर विषय तिथंच संपतो.

पुढचं थोडक्यात. 1984 ला मार्क टू परत एकत्र, 'परफेक्ट स्ट्रेंजर्स'. मग परत भांडणं, 1989 ला गिलनला काढला, परत घेतला, 1993 ला ब्लॅकमोर दौऱ्याच्या मध्येच निघून गेला तो कायमचा. काही शो जो सॅट्रियानीनं निभावले, मग मोर्स आला आणि 2022 पर्यंत टिकला, आता सायमन मॅकब्राइड. लॉर्ड 2002 ला बाहेर पडला, डॉन एअरी आला. 16 जुलै 2012 ला लॉर्ड गेला, त्या रात्री मी तिसऱ्या नंबरचीच ऐकली. 2024 ला पण त्यांचा नवा अल्बम आलाय, गिलन गातोय अजून.

आणि हो, कॅसेटीवर पांढरी बुरशी दिसत असेल तर तशीच लावू नका, आपल्याकडच्या पावसात माळ्यावरच्या टेपा हमखास धरतात. एकदा पूर्ण पुढं-मागं फिरवून घ्या आणि प्लेअरचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा.

मंगळवारपेठ_ड्रम:
एवढं सगळं झालं, इयन पेसबद्दल कुणी दोन शब्द बोललं नाही. 1968 पासून प्रत्येक मार्कमध्ये असलेला एकटा माणूस. डावखुरा. सगळे भांडत होते तेव्हा हा मागं बसून वाजवत होता. ढोल-ताशावाल्यांचं नशीब जगात सगळीकडं सारखंच.

जुनी_कॅसेट:
अपडेट. काकांनी सांगितलं म्हणून हेड पुसून तिसरी परत लावली, मामा पण शेजारी येऊन बसला. बॅण्ड घुसला तेव्हा मामानं खुर्चीच्या हातावर ताल धरला. दुसरी बाजू लावली, गिलन गायला लागला, मस्त चाललेलं, आणि मध्येच खर्रकन आवाज होऊन रेडिओवरचं नाट्यगीत सुरू! म्हणजे मी म्हणत होतो ते खरं होतं, फक्त जागा चुकली. मामा म्हणाला तुझ्या आजीनं केलंय, रिकामी कॅसेट समजून. इतकी वर्षं झाली, आजीला जाऊन पण आता बारा वर्षं होतील, तरी मामा त्यावरून तणतणत उठून आत गेला. पाच मिनिटांनी परत आला आणि म्हणाला ते नाट्यगीत परत लाव.