कालचा वैरी, आजचा क्लब: तुम्ही कधी पक्ष बदललात का?

लोकहो, एरवी फुटबॉलवर वाट्टेल ते बोलणारी माणसं एका विषयावर एकदम सोवळी होतात: क्लब बदलणं. लुईस फिगो २००० साली बार्सिलोना सोडून रेआल माद्रिदला गेला. दोन वर्षांनी तो कॅम्प नोवर, म्हणजे बार्सिलोनाच्या मैदानावर, कॉर्नर घ्यायला आला तेव्हा प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या आणि त्यांच्यासोबत डुकराचं मुंडकंही. पण फिगोला निदान पगार तरी मिळत होता. ज्यांना कोणी दमडी दिली नाही, उलट नवी जर्सी पदरमोड करून घ्यावी लागली, त्यांचं काय? हा धागा त्यांच्यासाठी.

अट एकच. प्रतिस्पर्धी कट्टर हवा. "आधी आयाक्स आवडायचं, आता डॉर्टमुंड आवडतं" हे इथे नको. ज्या क्लबच्या नावाने बोटं मोडली, त्याच क्लबचे झालात तर कसे झालात ते लिहा.

सुरुवात मीच करतो. लिव्हरपूलहून एव्हर्टन, दोन्ही एकाच शहरातले क्लब.

मी लिव्हरपूलचा झालो तो इस्तंबूलमुळे. २००५ची चॅम्पियन्स लीग फायनल, मध्यंतराला मिलान ३-०, मग सहा मिनिटांत ३-३ आणि शेवटी पेनल्टींवर लिव्हरपूल. त्या रात्री जगभरात कितीतरी लोक या क्लबला चिकटले, त्यातलाच मी. सोबत एव्हर्टनचा राग फुकट मिळाला. त्यांचे चार खेळाडू मला धड सांगता आले नसते, पण ते हरले की बरं वाटायचं.

पहिला खडा इतिहासाने टाकला. लिव्हरपूलचं अ‍ॅनफिल्ड मुळात एव्हर्टनचं मैदान. १८९१ची लीग त्यांनी जिंकली तेव्हा त्यांचं घर तेच होतं. मग जागेचे मालक जॉन होल्डिंग यांच्याशी भाड्यावरून वाजलं आणि १८९२मध्ये क्लब बिऱ्हाड उचलून पार्कापलीकडे गुडिसनला गेला. रिकाम्या मैदानाचं करायचं काय, म्हणून होल्डिंगनी नवा क्लब काढला, तो लिव्हरपूल. हे वाचून काही मी लगेच बदललो नाही. पण 'छोटा क्लब, छोटा क्लब' म्हणून त्यांना चिडवताना जीभ थोडी अडखळायला लागली.

मग १९ मे २०२२. एव्हर्टन विरुद्ध क्रिस्टल पॅलेस. जिंकले तर खालच्या लीगमध्ये घसरण्यापासून वाचणार होते, आणि मी बसलो होतो ते त्यांना बुडताना बघायला. मध्यंतराला ०-२. मी खुशीत. मायकल कीनने एक परत केला, रिचार्लिसनने बरोबरी केली. ८५व्या मिनिटाला फ्री किक आली आणि कॅल्व्हर्ट-लुइनने सूर मारून हेडर घातला. तो अर्धा हंगाम दुखापतीत होता. चेंडू जाळ्यात गेला तेव्हा मी उभा होतो आणि दोन्ही हात वर. खोलीत दुसरं कोणी नव्हतं म्हणून वाचलो. लोक मैदानात घुसले आणि मी टीव्ही बंद करायचा सोडून त्यांचे चेहरे बघत बसलो.

नऊ दिवसांनी लिव्हरपूल पॅरिसमध्ये रेआलकडून फायनल हरलं. पूर्वी अशा हारीनंतर रात्रभर तळमळायचो. त्या रात्री वाईट वाटलं आणि झोपही लागली.

पुढचं दीड वर्ष मी स्वतःला 'न्यूट्रल' म्हणवून घेत होतो. नोव्हेंबर २०२३मध्ये आर्थिक नियम मोडल्याबद्दल एव्हर्टनचे १० गुण कापले, तेव्हा ते सोंग संपलं. फेब्रुवारीत अपिलावर १०चे ६ झाले, एप्रिलमध्ये आणखी २ गेले. मैदानात न उतरता हरता येतं हे या क्लबने शिकवलं. तक्ता उघडून बेरीज-वजाबाकी करत बसणारा माणूस न्यूट्रल कसा असेल?

आता तुम्ही बोला.

----

माझी केस सरळ आहे, मी माणसामागे गेलो. आर्सेनलचा होतो, रॉबिन व्हॅन पर्सीमुळे. २०११-१२मध्ये त्याने लीगमध्ये ३० गोल केले आणि ऑगस्टमध्ये तो मँचेस्टर युनायटेडला गेला. ज्या युनायटेडने वर्षभर आधीच आम्हाला ८-२ धुतलं होतं तिथे! मित्र शिव्या घालत होते, मीही घातल्या. पण सामना युनायटेडचाच लावायचो, 'फक्त त्याला बघायला'. अ‍ॅस्टन व्हिलाविरुद्ध रूनीने अर्ध्या मैदानातून उचलून दिलेला चेंडू त्याने खाली पडू न देता मारला, त्या दिवशी हॅट्ट्रिक आणि विजेतेपद दोन्ही. पाठीवर २० नंबर आणि क्लबचं विसावं विजेतेपद. पुढच्याच आठवड्यात आर्सेनलच्या खेळाडूंना त्याच्यासाठी दोन्ही बाजूंना उभं राहून टाळ्या वाजवाव्या लागल्या. तो प्रसंग मला युनायटेडच्या बाजूने बघता आला नाही, आर्सेनलच्याही नाही. मान खाली घालून बघितला.

२०१५मध्ये तो तुर्कस्तानला गेला. मी इथेच राहिलो, कोच फर्ग्युसन गेल्यानंतरच्या युनायटेडमध्ये. खेळाडू करार संपवून निघून जातो, आपल्याला ती सोय नाही.

----

वरच्या युनायटेडवाल्यांना: टोरेसच्या वेळी मीही असाच मागे जाणार होतो. जानेवारी २०११च्या शेवटच्या दिवशी तो लिव्हरपूल सोडून चेल्सीला गेला. आठवड्याभरात त्याचा पहिलाच सामना लिव्हरपूलशी. म्हटलं, हा सामना बघून ठरवू. मेइरेलेसने गोल केला, लिव्हरपूल १-०ने जिंकलं आणि मी नाचलो. ठरलं. सात महिन्यांनी तो मेइरेलेसही चेल्सीला गेला. तेव्हापासून खेळाडूंच्या नावाची जर्सी घेत नाही.

----

रेआल माद्रिदहून बार्सिलोना. कोणी हसायचं नाही.

आमच्या घरात रेआलच. बाबा आणि दादा दोघंही कट्टर, त्यामुळे मला वेगळं काही निवडायचा प्रश्नच आला नाही. राऊल, कासियास, रामोस ही नावं ऐकतच वाढले. बार्सा म्हणजे रडके, पंचांवर दबाव टाकणारे, वगैरे.

मग मी महिला फुटबॉल बघायला लागले आणि पहिलीच पंचाईत झाली, कारण रेआलला महिलांचा संघच नव्हता. २०२०मध्ये त्यांनी ताकोन नावाचा दुसरा क्लब सामावून घेतला तेव्हा कुठे झाला. इतकी वर्षं स्वतःला जगातला सर्वांत मोठा क्लब म्हणवणाऱ्यांना अकरा बायका उभ्या करता आल्या नव्हत्या! तरी मी निष्ठेने त्यांच्याच बाजूने बसायचे. ३० मार्च २०२२ला कॅम्प नोवर चॅम्पियन्स लीगचा सामना होता, बार्सा-रेआल, प्रेक्षक ९१,५५३. मध्यंतरानंतर लगेच झोर्नोझाने बऱ्याच लांबून गोलकीपरच्या डोक्यावरून चेंडू सोडला आणि रेआल २-१ पुढे. मी किंचाळले. त्यानंतरच्या वीसेक मिनिटांत बार्साचे चार गोल: ऐताना, पिना, अलेक्सिया, ग्राहम हॅन्सन. ५-२. चौथ्या गोलनंतर मला राग यायचाच थांबला. अलेक्सिया चेंडू घेण्याआधी दोन्ही खांद्यांवरून मागे बघते, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, आणि चेंडू येतो तेव्हा ती वळलेलीच असते. ते एकदा दिसलं की मग सामनाभर तेच शोधत राहता.

सुरुवातीला मी तडजोड केली: पुरुषांत रेआल, महिलांत बार्सा. दादा म्हणाला, "हे चालणार नाही, एक काय ते ठरव." त्याला वाटलं मी रेआल म्हणेन. २०२३ची फायनल, वोल्फ्सबुर्ग २-० पुढे, आणि बार्साच्या पात्रीने मध्यंतरानंतर दोन मिनिटांत दोन गोल मारून बरोबरी साधली. शेवटी ३-२. मी त्याला फक्त स्कोअर पाठवला. त्याने आठवडाभर उत्तर दिलं नाही.

आता पुरुषांचा एल क्लासिको, म्हणजे बार्सा-रेआल सामनाही मी बार्साच्या बाजूने बघते. मात्र मार्च २०२५मध्ये रेआलच्या मुलींनी बार्साला पहिल्यांदाच हरवलं, ३-१, तेव्हा दादाचा मेसेज शिट्टी वाजायच्या आधी आला होता. महिला फुटबॉल बघत नाही म्हणतो!

----

ताई, तुमचं मोजायचं की नाही यावर वाद होऊ शकतो, पण दादाला आमचा नमस्कार सांगा.

----

मिलानहून इंटर. इंटर मुळात मिलानमधूनच फुटून निघालेल्यांनी १९०८मध्ये काढला, आणि आजही दोघं सान सिरोवरच खेळतात. मी फक्त समोरच्या स्टँडमध्ये जाऊन बसलो असं समजा. बाकी लिहिण्यासारखं काही नाही.

----

मँचेस्टर सिटीहून युनायटेड. हो, बरोबर वाचलंत, उलट दिशेने.

युनायटेडहून सिटीकडे गेलेले ढिगाने भेटतात, त्यांना सगळे ग्लोरी हंटर, म्हणजे जिंकणाऱ्याच्या मागे धावणारे, म्हणतात. मी सिटीत आलो तो अग्वेरोच्या त्या गोलने, मे २०१२, क्यूपीआर (क्वीन्स पार्क रेंजर्स) विरुद्ध, इंज्युरी टाइममध्ये. पुढे २०२१ ते २०२४ सलग चार विजेतेपदं आली आणि मला कंटाळा यायला लागला. ५-० जिंकल्यावर जेवायला उठायचो तसा उठायचो. मला शेवटच्या मिनिटाला पोटात गोळा येणं हवं होतं, ते समोरच्या घरात रोज चालू होतं. लोकांना पटत नाही. सिटीवाले म्हणतात डोक्यावर परिणाम झाला, युनायटेडवाले म्हणतात हेर आहे. जिंकणाऱ्याकडे गेलात तर लाज काढतात, हरणाऱ्याकडे गेलात तर संशय घेतात. लॉजिक काय ते कळलं नाही.

----

मी प्रयत्न केला आणि जमलं नाही, हेही नोंदवून ठेवतो. आर्सेनलहून टॉटनहॅम. कोच वेंगर गेल्यावर आर्सेनल बघवत नव्हतं आणि कोच पोचेतिनोची टॉटनहॅम टीम फार सुंदर खेळायची. टॉटनहॅमचा हॅरी केन तर लहानपणी आर्सेनलच्याच अकादमीत होता, म्हटलं तो जाऊ शकतो तर मी का नाही? २०१८च्या उन्हाळ्यात सगळ्यांना जाहीर करून टाकलं. २ डिसेंबरला डर्बी, म्हणजे एकाच शहरातल्या या दोघांची लढत, आली. टॉटनहॅम मध्यंतराला २-१ पुढे, मी जबरदस्तीने खूष. मग ओबामेयांग, लाकाझेट आणि शेवटी छोटासा तोरेरा जर्सी काढून पळत सुटला. ४-२. मी त्याच्यासोबत पळत होतो. चार महिन्यांची मेहनत पाण्यात. मी जाहीर केल्याचा स्क्रीनशॉट मित्रांनी अजून जपून ठेवलाय.

----

धागाकर्ते, या आर्सेनलवाल्यांची कसोटी तुम्हालाही लागू. नुसतं पॅलेसविरुद्ध उभं राहून काय होतंय? डर्बीत काय केलंत ते सांगा.

----

सांगतो. गुडिसनवरची शेवटची मर्सीसाइड डर्बी, १२ फेब्रुवारी २०२५. सलाहने लिव्हरपूलला २-१ पुढे नेलं तेव्हा आत कुठेतरी जुनं काहीतरी हललं, नाही म्हणत नाही. ९८व्या मिनिटाला टार्कोव्स्कीने चेंडू येईल तसा हाणला, छताला लागावा असा. मग व्हीएआर, व्हिडिओवरची तपासणी. ऑफसाइड आहे का, फाउल आहे का, रेषा काढतायत. त्या वेळात मी देवाला जे काही कबूल केलं ते इथे लिहिता येणार नाही. गोल दिला. २-२. शिट्टीनंतर डुकुरे लिव्हरपूलच्या प्रेक्षकांसमोर जाऊन नाचला, कर्टिस जोन्स धावून आला, दोघांना लाल कार्ड. वर लिव्हरपूलचे कोच स्लॉट आणि त्यांचे सहाय्यक, त्यांनाही लाल. सामना बरोबरीत सुटला, पण कार्डांत लिव्हरपूल ३-१.