प्रतिसाद: चर्चमधला कलागुणांचा कार्यक्रम

वर तुम्ही चर्चच्या अंगणातल्या कार्यक्रमाचा बेत मांडलाय, त्यात दोन तासांत पंचवीस आयटम बसवलेत, ते जमायचं नाही. चार मिनिटांचा आयटम धरला तरी माईक-खुर्च्या हलवण्यात दोन मिनिटं जातातच; म्हणजे अडीच तास. वीसच घ्या.

संडे स्कूलची (चर्चच्या रविवारच्या वर्गाची) पोरं सगळी आधी उरकू नका, पोराचं झालं की आईबाप उठतात. मधेमधे पेरा. गाण्यांचे ट्रॅक आदल्या दिवशीच एका पेनड्राइव्हवर, क्रमांक घालून. मोबाइलवरून वाजवले की ऐन कडव्यात फोन येतो.

मे महिन्यात सोलापुरात सातच्या आत अंगणात बसवत नाही. सव्वासातला सुरू करा, दहाला लाउडस्पीकर बंदच करावा लागतो. पाळकसाहेबांची (चर्चच्या धर्मगुरूंची) नक्कल ठेवाच, फक्त त्यांना आधी विचारून. पहिला-दुसरा नंबर मात्र काढू नका, महिला मंडळात वर्षभर धुसफूस चालते.