'लूम'च्या न बनलेल्या दोन भागांविषयी मदत हवी आहे

सर्वांना नमस्कार. आमच्या बेळगावच्या शहापूर-वडगाव भागातील एका वाचनालयाच्या हस्तलिखित दिवाळी अंकासाठी मी लुकासफिल्म गेम्सच्या 1990 मधील 'लूम' या संगणकीय खेळावर लेख लिहीत आहे. विणकरांच्या संघातला बॉबिन थ्रेडबेअर हा त्याचा नायक असल्यामुळे, मागांचा खडखडाट ऐकत वाढलेल्या आमच्या वाचकांना तो परका वाटणार नाही, असा माझा अंदाज आहे. त्याच्या जादूच्या काठीवर चार सुरांची ओळ वाजवली की बंद वस्तू उघडते आणि तीच ओळ उलटी वाजवली की मिटते, ही खेळाचे रचनाकार ब्रायन मोरियार्टी यांची कल्पना मला आजही कित्येक नव्या खेळांपेक्षा सरस वाटते.

अडचण पुढील भागांची आहे. लोहारांच्या संघातील रस्टी नेलबेंडरवर 'फोर्ज' आणि मेंढपाळांच्या संघातील फ्लीस फर्मफ्लँक्सवर 'द फोल्ड' असे दोन भाग योजले होते, पण ते झालेच नाहीत. 'लूम'चा शेवट मात्र (तो येथे फोडत नाही) पुढची गोष्ट मागतो. पुढे चाहत्यांनीच 'फोर्ज' बनवायला घेतल्यामुळे त्यांची भर कोणती आणि मूळ आराखडा कोणता, हे वेगळे काढणे अवघड झाले आहे. तेव्हा मोरियार्टी यांच्या मुलाखतींचे मूळ पाठ किंवा त्या काळच्या संगणक-मासिकांची कात्रणे कोणाकडे असल्यास कृपया कळवावे. खेळाच्या खोक्यात येणारी ध्वनिनाट्याची कॅसेट बेळगाव, खानापूर किंवा निपाणीत कोणाच्या संग्रही असेल, तर मी तेथे येऊन ऐकेन. घरी नेण्याचा आग्रह धरणार नाही.